स्टेटस, जमाव आणि बंद पडलेले नेट

७ जून २०२३ रोजी कोल्हापूर बंद होते. मी घरातच होतो. सकाळपासून फोनवर सारखे मेसेज येत होते. शिवाजी चौकात गर्दी जमली आहे, अमुक गल्लीत दगडफेक झाली, तमुक दुकान फोडले. यातले खरे किती आणि खोटे किती, कळायला मार्ग नव्हता. मग फोन अचानक गप्प झाला. जिल्ह्यातले इंटरनेट बंद करण्यात आले होते. साधे फोन लागत होते, म्हणून पाहुण्यारावळ्यांची खुशाली तेवढी कळत राहिली. पण अफवा काही थांबल्या नाहीत. आता त्या फोनवरून आणि गॅलरीतून येऊ लागल्या आणि त्या तपासून पाहण्याचे साधन मात्र हातातून गेले.

प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी, ६ जूनला, शिवराज्याभिषेक दिन होता. त्याच सुमारास काही पोरांनी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्याविषयीचे आक्षेपार्ह स्टेटस ठेवले. त्याविरुद्ध हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला. जमाव जमला, दगडफेक झाली, दुकानांची आणि वाहनांची मोडतोड झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि अश्रुधूर सोडला. तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी औरंगजेबाच्या औलादी अचानक कुठून पैदा झाल्या, असा सवाल केला. ज्यांनी स्टेटस ठेवले ती मोजकी पोरे होती. ‘औलाद’ हा शब्द मात्र साऱ्या मोहल्ल्यांनी अंगावर घेतला.

या घटनेवर तेव्हा भरपूर बोलले गेले. आज मला त्यातल्या एकाच प्रश्नावर लिहायचे आहे, कारण तो अजून तसाच पडून आहे. एखाद्या मुलाच्या फोनवरचा चोवीस तासांत पुसला जाणारा मजकूर जेव्हा शहराच्या सुरक्षेचा प्रश्न बनतो, तेव्हा शासनाने काय करायचे, समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपन्यांनी काय करायचे आणि आपण काय करायचे? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : नेट बंद करणे हे सुरक्षेचे धोरण नाही, ती धोरण नसल्याची कबुली आहे. आणि आपला समाजही ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढे म्हणून मोकळा होऊ शकत नाही.

आधी शासनाचे पाहू. नेट बंद केल्याने जमाव पांगतो, असे गृहीत धरले जाते. कोल्हापुरात क्रम उलटा होता. बंदची हाक आदल्या दिवशीच दिली होती, तिची वेळ आणि ठिकाण सर्वांना माहीत होते. जमाव जमला, दगड पडले आणि त्यानंतर नेट बंद झाले. पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मशिदीवर आणि मुसलमानांच्या घरांवर हल्ला झाला. तिथे कोणाचे स्टेटस निमित्ताला नव्हते. गडावरील अतिक्रमणाविरुद्धचे आंदोलन आधीच जाहीर झाले होते. जमाव जमवायला स्टेटस लागतेच असे नाही. तो येणार हे उघड माहीत असताना त्याला वाटेत अडवणे हे पोलिसांचे जुने, नेहमीचे काम आहे. त्याला नेट बंद करणे हा पर्याय होऊ शकत नाही.

नेट बंदची किंमत कोण मोजतो? दगड मारणारा नव्हे. मोजतो तो क्यूआर कोड लावून बसलेला फळविक्रेता, ॲपवर भाडे घेणारा रिक्षावाला, घरून काम करणारी मुलगी, ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख असलेला विद्यार्थी. यात हिंदू-मुसलमान असा भेद नसतो. भेद असतो तो एवढाच की ज्या वस्तीवर हल्ला होतो, तिला त्या घडीला नेटची गरज सर्वांत जास्त असते. आपल्या दारात काय घडले याचा व्हिडिओ पाठवायचा असतो, मदत मागायची असते, खोट्या बातमीला उत्तर द्यायचे असते. नेमके तेव्हाच तिचे तोंड बंद होते.

ही केवळ कोल्हापूरची गोष्ट नाही. ‘ॲक्सेस नाऊ’ ही संस्था जगभरातल्या नेटबंदीची मोजदाद ठेवते. तिच्या नोंदीनुसार भारतात २०२२ मध्ये ८४ वेळा आणि २०२३ मध्ये ११६ वेळा नेट बंद झाले. कित्येक वर्षे या यादीत आपला देश पहिला होता. २०२४ मध्ये आपल्याकडे ८४ घटना नोंदल्या गेल्या आणि ८५ घटनांसह म्यानमार पुढे गेला. लष्करी राजवटीच्या देशाने आपल्याला एका आकड्याने मागे टाकले, यात समाधान मानण्यासारखे काही नाही. कोल्हापूरचे नेट बंद झाले तेव्हा मणिपूरचे नेट महिनाभरापासून बंद होते आणि पुढेही कित्येक महिने ते पूर्ववत झाले नाही. तिथली हिंसा त्याने थांबली नाही. उलट, स्त्रियांवरील अत्याचाराचा तो भयंकर व्हिडिओ देशाला दिसायला अडीच महिने लागले.

नेटबंदीने खरोखर शांतता येते का, याचा पुरावा सरकारकडे आहे का? संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले होते. कुठे, किती वेळा, किती काळ नेट बंद झाले, याची नोंदच केंद्राकडे नाही आणि त्याचा उपयोग झाला का, याचा अभ्यासही नाही, असे समितीला आढळले. ही समिती विरोधकांची नव्हती. तिच्यात सर्व पक्षांचे खासदार होते.

कायदा नाही, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात, काश्मीरच्या नेटबंदीच्या संदर्भात, स्पष्ट सांगितले की बंदीचा प्रत्येक आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, तो बेमुदत असू शकत नाही आणि प्रसंगाच्या मानाने तो अति असता कामा नये. नागरिकाला तो न्यायालयात आव्हान देता आला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने दूरसंचार कायद्याखाली नवे नियम केले. त्यांनुसार आदेशात कारण, क्षेत्र आणि मुदत लिहिणे, तो प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. मुदत पंधरा दिवसांहून जास्त असू शकत नाही आणि आढावा समितीने पाच दिवसांत तो तपासायचा आहे.

अडचण आढावा समितीतच आहे. राज्यात ती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते आणि तिच्यात सगळे सरकारी सचिवच असतात. आदेश गृह सचिव काढणार आणि तो बरोबर होता की नाही हे त्यांचेच सहकारी ठरवणार. स्थायी समितीने निवृत्त न्यायाधीश आणि समाजातील मान्यवर यांना या समितीत घ्यावे, असे सुचवले होते. नव्या नियमांत तेवढी जागा केली गेली नाही.

आता स्टेटसवरच्या गुन्ह्यांकडे येऊ. इथेही आपल्याच जिल्ह्यातला एक खटला डोळे उघडणारा आहे. हातकणंगले तालुक्यातील एका महाविद्यालयात काश्मीरहून आलेले एक प्राध्यापक शिकवत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी व्हॉट्सॲपवर कलम ३७० रद्द झाल्याचा ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्यांच्यावर कलम १५३-अ खाली गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, शेजारी देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे हा गुन्हा नाही आणि मजकुराचा परिणाम ठरवताना कमकुवत, डळमळीत मनाच्या माणसाचा नव्हे, तर समंजस माणसाचा निकष लावला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय, हे पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असेही न्यायमूर्तींनी नमूद केले.

वाचताना बरे वाटते. पण हिशेब मांडून पाहा. दोन-तीन ओळींच्या मजकुरासाठी एका शिक्षित माणसाला दिल्लीपर्यंत दीड वर्ष लढावे लागले. त्यांच्याकडे लढण्याची ताकद होती. आपल्या गल्लीतल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराकडे ती असते का? पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलेही होती. बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाला कोठडीत नव्हे, बाल न्याय मंडळापुढे न्यायचे असते. कायदा मुलाला सुधारण्याची संधी देतो, समाज मात्र नाव लक्षात ठेवतो. जो अठरा ओलांडलेला असतो त्याचे तर विचारूच नका. पासपोर्टची पडताळणी अडते, आखातातली नोकरी हुकते, तारखांना जाता जाता रोजगार बुडतो.

दुसऱ्या बाजूला जमावातल्या माणसाचे काय होते? २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला सोलापूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला मारहाण करून ठार करण्यात आले. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याविषयी फेसबुकवर आलेल्या विटंबनेच्या चित्रांनी वातावरण पेटले होते. त्या चित्रांशी या मुलाचा काडीचाही संबंध नव्हता. तो नमाज पढून घरी चालला होता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. कोल्हापूरच्या घटनेनंतर तीन महिन्यांनी, १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री, सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. तिथेही मग नेट बंद झाले. मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

हे मुसलमानांपुरते आहे असे समजणे चूक ठरेल. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली. एकीने शहर बंद ठेवण्याविषयी फेसबुकवर प्रश्न विचारला होता, दुसरीने तो फक्त ‘लाइक’ केला होता. एक मुसलमान होती, एक हिंदू. त्याच प्रकरणातून पुढे याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे गरीब भिक्षेकरी होते. अफवा जात-धर्म विचारत नाही. ती फक्त परका चेहरा शोधते.

राईनपाड्यानंतर एक गोष्ट मात्र बदलली. देशभरात अशा हत्या होऊ लागल्यावर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली आणि कंपनीच्याच सांगण्यानुसार अशा मेसेजचा प्रसार ७० टक्क्यांनी घटला. म्हणजे संपूर्ण नेट बंद न करता, कोणाचेही तोंड न दाबता, अफवेचा वेग कमी करता येतो. प्रश्न इच्छेचा आहे. श्रीलंकेत २०१८ मध्ये कँडी भागात मुसलमानांवर हल्ले झाले, तेव्हा सिंहली भाषेतला विद्वेष फेसबुकवर मोकाट होता. कंपनीने दोन वर्षांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. म्यानमारमध्ये रोहिंग्यांच्या बाबतीत आपण पुरेसे केले नाही, हे तिने २०१८ मध्ये मान्य केले. दोन्ही ठिकाणी एक कारण समान होते : तिथली भाषा समजणारी माणसे कंपनीकडे फारच थोडी होती. मग मराठीचे काय? आपल्या गावातल्या शिव्या, टोमणे, ‘औरंग्या’ आणि ‘हिरवे साप’ यांसारखे शब्द कॅलिफोर्नियातल्या कोणत्या यंत्राला कळतात? मराठीत येणाऱ्या तक्रारी तपासणारी किती माणसे आहेत, हे शासनाने या कंपन्यांना जाहीर करायला लावले पाहिजे.

इथपर्यंत मी इतरांविषयी बोललो. आता घरातले बोलू.

औरंगजेबाचे चित्र लावणे हे इस्लामचे कोणते कर्तव्य आहे? तो एक बादशहा होता. १७०७ मध्ये मेला, खुलताबादला साध्या कबरीत झोपला आहे. त्याच्या राज्यातला अत्तार, बागवान, शिकलगार, पिंजारी, तांबोळी तेव्हाही गरीबच होता. कोल्हापूरचा मुसलमान याच मातीतला, याच भाषेतला माणूस आहे. आपल्याच जिल्ह्यात कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी मुस्लीम बोर्डिंग काढून आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेत बसवले. आपले नाते कोणत्या राजाशी सांगायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागू नये.

तरीही एखादे पोर औरंगजेबाचे स्टेटस का ठेवते? ते त्याच्यावर प्रेम म्हणून नाही. दिवसभर मोबाइलवर आपल्या नावाने शिव्या वाचायच्या, कोपऱ्यावर घोषणा ऐकायच्या आणि मग ज्याच्या नावाने समोरचा चिडतो तेच नाव फेकून मारायचे. ही चीड आहे. तिला मी गुन्हा म्हणत नाही, पण शहाणपणही म्हणणार नाही. कारण फेकलेला दगड ज्याच्यावर उलटतो तो बागवान गल्लीतला गाडीवाला असतो, त्याचा स्टेटसशी काही संबंध नसतो. आणि शिवाजी महाराजांविषयी वाईट शब्द लिहिणारा, मग तो कोणीही असो, त्याची बाजू आपण घेणार नाही. हे आपण दबावाखाली नव्हे, मनापासून म्हटले पाहिजे.

पण आपल्याकडे असे झाले की जमातीतले चार वडीलधारे पोलीस ठाण्यात जाऊन हात जोडून येतात, मुलाला दोन थोबाडीत बसतात आणि विषय संपतो. त्या पोराशी कोणी बोलत नाही. तो फोनवर काय पाहतो, त्याला काय सलते, शिवकाळातले आणि मुघलांचे राजकारण नेमके काय होते, हे त्याला समजावणारे कोणी नाही. जुम्याच्या खुतब्यात मोबाइलचा विषय आला तर तो गाणी आणि सिनेमापुरता. हा विषय आता मशिदीत, मदरशात, शाळेच्या पालकसभेत आणि मोहल्ल्याच्या बैठकीत आणावाच लागेल, आणि त्या बैठकीत आया-बहिणींनाही बसवावे लागेल. मुलाच्या हातातल्या फोनची पहिली खबर आईलाच असते.

काही कामे उद्यापासून करता येतील. प्रत्येकाने आपल्या व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामला दुहेरी पडताळणी लावावी. दुसऱ्याच्या नावाने खाते उघडून किंवा खाते हॅक करून मजकूर टाकणे अवघड राहिलेले नाही. असे झाल्याचे कळताच तासाभराची वाट न पाहता स्क्रीनशॉट काढावा, पोलिसांत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. जमाव दारात आल्यावर दिलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे दाद मागावी. ठरलेल्या मुदतीत निकाल देणे त्याला बंधनकारक आहे. तो पटला नाही तर २०२३ पासून काम करणाऱ्या केंद्राच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. हे अर्ज भरून देणारी दोन-चार शिकलेली पोरे प्रत्येक मोहल्ल्यात असायला काय हरकत आहे?

आणि शासनाकडे आपली मागणी सहानुभूतीची नको, कायद्याची हवी. जिल्ह्यात नेट बंद झाले तर आदेश त्याच दिवशी मराठीत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर यावा. आढावा समितीत सरकारबाहेरची माणसे असावीत. जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये सांगितले होते. आपल्या जिल्ह्यातला तो कोण, हे लोकांना माहीत असावे. २८ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे कोल्हापूरच्या दंगलीच्या सहा आठवडे आधी, याच न्यायालयाने विद्वेषी भाषणावर कोणाच्याही तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, धर्म पाहू नका, असे सर्व राज्यांना बजावले होते. पोराच्या स्टेटसवर जितक्या तत्परतेने गुन्हा नोंदवला जातो, तितक्याच तत्परतेने मंचावरच्या भाषणावरही नोंदवला जावा. एवढेच.

हे सांगायला पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे. पुढच्या वेळी नेट बंद झाले, तर त्या आदेशाची प्रत मागणारा पहिला अर्ज आपल्यापैकी कोणाचा तरी असावा. आणि त्या अर्जावर शेजारच्या हिंदू दुकानदाराचीही सही असावी, कारण त्या दिवशी धंदा त्याचाही बुडालेला असेल.